मुक्काम पोस्ट ग्योटिंगन, नाहीतर व्युर्त्सबुर्ग

नमस्कार मंडळी. आजचा विषय, जर्मनीत ट्रेननं लांब जाताना मधे एक रात्र कुठल्या गावात काढायची, तसा छोटा आहे, पण हल्ली आपल्याकडे बऱ्याच घरांत यावर चर्चा चालते. मुलगा हँबर्गला शिकतोय, पुतणी म्युनिकला नोकरीला आहे, आईबाबा उन्हाळ्यात तिकडे जाणार, आणि मग एकदा तरी हँबर्ग ते म्युनिक ट्रेननं जायचं ठरतं. आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी, हे अंतर साधारण सहा तासांत उरकते. म्हणजे आपल्या हिशोबानं काहीच नाही, आपण नागपूरला जाताना यापेक्षा जास्त वेळ नुसता वरच्या बर्थवर लोळत काढतो. मग मधे रात्रीचा मुक्काम कशाला?

तर त्याचं कारण असं की या मार्गावर हॅनोव्हर ते व्युर्त्सबुर्ग अशी ३२७ किलोमीटरची हायस्पीड लाइन आहे, १९९१ साली पूर्ण झालेली, आणि तिचा एकतृतीयांशाहून जास्त भाग बोगद्यात आहे. खिडकीला नाक लावून बसलात तरी डोंगर, अंधार, एक पूल, परत अंधार, एवढंच दिसतं. मधला देश बघायचा असेल तर उतरायलाच हवं. आणि दुसरं, तुमच्याबरोबर सत्तरीचे बाबा असतील, चार बॅगा असतील, त्यातली एक फक्त मेतकूट आणि लाडवांची असेल, तर प्रवास दोन दिवसांत विभागलेला बरा पडतो.

आता गाव कुठलं, ते बघू. बहुतेक लोक काय करतात, तर जर्मनीतली सुंदर गावं म्हणून शोधतात, फोटो बघतात आणि जे सगळ्यात गोड दिसतं तिथलं हॉटेल बुक करतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. एका रात्रीच्या मुक्कामात तुमच्या हातात काय असतं, तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ. तुम्ही पाचला पोचणार, हॉटेलात सामान टाकून, चहा पिऊन बाहेर पडेपर्यंत साडेसहा, आणि तोवर म्युझियमं बंद, राजवाडे बंद, दुकानंही आवरायला लागलेली. त्यामुळे जे गाव तिकीट काढून बघायचंय ते या कामाचं नाही. ज्या गावाची संध्याकाळ चांगली, म्हणजे नदी, पूल, चौक, बसायला जागा, आणि हे सगळं स्टेशनवरून चालत जाण्याइतकं जवळ, ते गाव निवडायचं. सौंदर्य नंतर, आधी स्टेशन बघायचं.

स्टेशन बघायचं म्हणजे काय, तर नकाशा उघडून स्टेशन आणि जुनं गाव यांच्यातलं अंतर मोजायचं. यात भलेभले फसतात. उदाहरणार्थ कासेल. आयसीई थांबते ती कासेल-विल्हेल्म्सह्योहे नावाच्या स्टेशनात, गावाच्या मध्यापासून लांब, आणि कासेल हाउप्टबानहोफ, म्हणजे नावानं मेन स्टेशन, ते भलतीकडेच आहे, तिथं आयसीई जात नाही. हॉटेल हाउप्टबानहोफजवळ घेतलंत की बसा ट्रॅमची वाट बघत. कासेलचा डोंगरावरचा बर्गपार्क युनेस्कोच्या यादीत आहे, उन्हाळ्यात बुधवारी आणि रविवारी तिथं वरून खाली पाणी सोडतात ते बघण्यासारखं आहे, पण ते दुपारी असतं. संध्याकाळी सातला पोचणाऱ्याला त्याचा काय उपयोग.

हायडेलबर्गचंही तेच. गाव देखणं, किल्ला देखणा, पण १९५५ साली स्टेशनच जुन्या गावापासून लांब नेलं, त्यामुळे बॅगा घेऊन बस किंवा ट्रॅम आलीच. दोन रात्री राहणार असाल तर खुशाल जा, एका रात्रीसाठी मी नाही जाणार. आणि कोलोन-फ्रँकफर्ट हायस्पीड लाइनवर लिम्बुर्ग-झ्युड नावाचं एक स्टेशन आहे, तिथं तर फक्त लांब पल्ल्याच्याच गाड्या थांबतात, जुनं लिम्बुर्ग बाजूला राहतं. बरं, रोथेनबुर्ग, ते ख्रिसमसच्या कॅलेंडरवरचं गाव, तिथं जायला मेन लाइन सोडून श्टाइनाख नावाच्या छोट्या स्टेशनात गाडी बदलावी लागते. रात्री टूरिस्ट बसा निघून गेल्यावर ते गाव फार छान होतं हे खरं आहे, पण हे पाठीवर एक सॅक असणाऱ्यांनी करावं, लाडवांची बॅग असणाऱ्यांनी नाही.

मग माझी पसंती काय? हँबर्गकडून येताना पहिलं ग्योटिंगन. हँबर्गहून साधारण दोन तास. स्टेशनच्या बाहेर आलात की सायकलींचा समुद्र, आणि पाच-दहा मिनिटांत तुम्ही जुन्या गावात. हे विद्यार्थ्यांचं गाव आहे, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावर जाग असते आणि खाणं तुलनेनं स्वस्त मिळतं. चौकात गेन्झेलीझल म्हणून हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, कारंजावर, आणि पीएचडी झाली की तिथं चढून त्या मुलीच्या गालाचा मुका घ्यायची पद्धत आहे, आणि ही मंडळी अगदी फुलं बिलं घेऊन, मित्रांनी ओढलेल्या गाडीत बसून वाजतगाजत येतात. जुन्या गावाभोवती तटाचा मातीचा बांध आहे, त्यावर झाडांच्या सावलीत गावाला पूर्ण फेरी मारता येते, आणि जेवणानंतरच्या शतपावलीला, खरं तर सहस्रपावलीला, यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. गाउस, तोच गणितातला, त्याची कबर या बांधाजवळच आहे. गाउस आणि त्याचा सहकारी वेबर या दोघांनी १८३३ साली इथंच गावातल्या घरांच्या डोक्यावरून तार ओढून विजेचा टेलिग्राफ चालवला होता.

आणि आपल्यासाठी, विशेषतः पुणेकरांसाठी, या गावात आणखी एक धागा आहे. फ्रान्झ कीलहॉर्न हे संस्कृतचे मोठे पंडित, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत होते, पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी केलेली आवृत्ती मुंबईत छापली गेली, आणि पुण्याहून परत गेल्यावर १८८२ पासून ते ग्योटिंगनला प्राध्यापक होते, १९०८ ला तिथंच वारले. डेक्कन कॉलेजात त्यांची जागा घेतली रा. गो. भांडारकरांनी, आणि १८८५ साली याच ग्योटिंगन विद्यापीठानं भांडारकरांना डॉक्टरेट दिली. म्हणजे लॉ कॉलेज रोडच्या भांडारकर इन्स्टिट्यूटवरून ज्यांचं रोजचं जाणंयेणं आहे त्यांनी एक रात्र या गावात काढायला काहीच हरकत नाही.

दुसरं व्युर्त्सबुर्ग, आणि खरं सांगू, आईबाबा बरोबर असतील तर मी हेच आधी सांगेन. ग्योटिंगनहून दीडेक तास, पुढे म्युनिकला दोन तासांच्या आसपास. फ्रँकफर्ट विमानतळालाही इथून थेट आयसीई जाते, दीड तासाच्या आत, त्यामुळे मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम म्हणूनही हे गाव चालतं, फक्त विमान सकाळचं नको. गाडी स्टेशनात शिरतानाच डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे दिसतात. समोरून ट्रॅम मिळते, चालत गेलात तर माइन नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. या पुलावर गाड्या नाहीत, दोन्ही बाजूंना संतांचे दगडी पुतळे, आणि संध्याकाळी अख्खं गाव तिथं वाइनचा ग्लास हातात घेऊन उभं असतं, ग्लासाचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत केला की पैसे परत. वाइन घेत नसाल तर द्राक्षाचा रस घ्या, उभं राहायला कुणी मनाई करत नाही. समोर डोंगरावर मारीएनबर्गचा किल्ला. तिकीट नाही, रांग नाही.

सकाळी मात्र इथं एक गोष्ट तिकीट काढून बघायचीच, आणि ती सकाळीच बघता येते म्हणून सांगतोय. रेसिडेन्स म्हणून बिशपचा राजवाडा आहे, बाल्टाझार नॉयमाननं बांधलेला, त्यातल्या जिन्यावर तिएपोलो या इटालियन चित्रकारानं १७५२-५३ मध्ये छतभर चित्र काढलंय, चार खंडांचं, आणि त्यात आपला आशिया हत्तीवर बसलाय. १६ मार्च १९४५ ला बाँबहल्ल्यात हे गाव जवळजवळ सगळं जळालं, राजवाड्याचंही मोठं नुकसान झालं, पण हे छत वाचलं. उन्हाळ्यात नऊला उघडतं, स्टेशनपासून चालत जाता येतं. क्ष-किरणांचा शोध रॉन्टगेननं लावला तोही १८९५ मध्ये याच गावात.

बर्लिन ते म्युनिक जाणार असाल तर गणित बदलतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये नवी लाइन पूर्ण झाल्यापासून ती गाडी एरफुर्टवरून जाते. एरफुर्टला एक पूल आहे, त्यावर दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि लोक अजून त्यात राहतात, पुलावरून चालताना नदी दिसतच नाही. स्टेशनवरून जुनं गाव चालत जवळ, म्हणजे आपल्या परीक्षेत पास. बांबेर्ग जास्त सुंदर आहे पण प्रत्येक आयसीई तिथं थांबत नाही आणि चालणंही जरा जास्त पडतं. कोलोनकडून येणाऱ्यांना मी कोब्लेंझ सुचवेन, ते गावासाठी कमी आणि सकाळच्या गाडीसाठी जास्त. हायस्पीड लाइन न घेता जुन्या लाइननं माइन्झकडे जायचं, डाव्या खिडकीशी बसायचं, मग ऱ्हाइन नदी, तिच्यावरची जहाजं आणि किल्ल्यामागून किल्ले दिसत राहतात.

आता तिकीट. जर्मन रेल्वेच्या अॅपवर बुकिंग करताना मधलं स्टेशन आणि तिथं किती तास थांबणार हे टाकता येतं, मग एकाच तिकिटात मुक्काम बसतो. दोन वेगळी तिकिटं काढून किती होतात तेही बघा, जे स्वस्त ते घ्या. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, ती चुकली तर गेलं, पण रेल्वेच्याच उशिरामुळे तुम्ही वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असाल तर दुसरी गाडी पकडता येते. आणि उशीर होतो बरं का, जर्मनी म्हटलं की घड्याळ ही कल्पना डोक्यातून काढा, २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि तिथं वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. म्हणून मुक्कामाच्या गावी शेवटच्या गाडीनं जायचं नाही, संध्याकाळी पाच-सहाला पोचेल अशी घ्या, दोन तास उशीर झाला तरी जेवण मिळतं. तिकीट म्हणजे सीट नाही हेही लक्षात ठेवा, रिझर्वेशन वेगळं करावं लागतं, आणि आईबाबांसाठी ते कराच. शिवाय एखादी लाइन दुरुस्तीला महिनोन्महिने बंद असू शकते, फ्रँकफर्ट-मानहाइम २०२४ मध्ये पाचेक महिने बंद होती, तर गाव ठरवायच्या आधी तारखा टाकून गाडी खरंच तिकडून जातेय ना ते बघा.

वार बघा. रविवारी दुकानं बंद, अगदी वाण्याचं दुकानसुद्धा, फक्त स्टेशनातलं काही उघडं सापडतं. लहान गावात रेस्टॉरंटचं किचन नऊ-साडेनऊला आवरतं. शाकाहारी असाल तर केझेश्पेट्सले मागा, चीज घातलेल्या शेवयांसारखा प्रकार, वर तळलेला कांदा, पोट भरतं, मे महिन्यात पांढरा अस्पॅरॅगस सगळीकडे असतो, आणि काहीच नाही जमलं तर टर्किश दुकानात फलाफल मिळतंच. छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन संध्याकाळी बंद होतं आणि दाराचा कोड मेलवर येतो, तो मेल ट्रेनमध्येच उघडून ठेवा कारण बोगद्यात नेटवर्क जातं.

जत्रा बघायला विसरू नका. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, फ्रँकफर्टचा बुक फेअर, हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन, न्युर्नबर्गची खेळण्यांची जत्रा, या दिवसांत त्या शहरांत हॉटेलचे दर अंगावर येतात आणि थोडीफार झळ शेजारच्या गावांनाही लागते. तेव्हा त्या आठवड्यात व्युर्त्सबुर्ग महाग दिसलं तर एक स्टेशन आधी उतरा, फुल्डाला. बरोक चर्च आहे, स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांवर, गाव शांत आहे, पुलावरची वाइन नाही मिळणार, पण सकाळी साडेनऊची गाडी धरलीत तर व्युर्त्सबुर्गला अकराच्या आत पोचता, बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकायच्या, हत्तीवरचा आशिया बघायचा आणि दुपारच्या गाडीनं म्युनिक.