जांभळ्या टोपणाची ट्यूब

[दृश्य: मांजराचा ओठ वर उचललेला, हिरड्या पांढुरक्या]

ताप आहे, खाणं सुटलंय, हिरड्यांचा रंग उडालाय. तांबड्या पेशी फुटताहेत. पहिला संशय मायकोप्लाझ्मा हीमोफेलिसवर. या जीवाणूला पेशीभित्ती नसते. तो तांबड्या पेशीला बाहेरून चिकटतो आणि प्रयोगशाळेतल्या माध्यमावर वाढत नाही. म्हणजे कल्चर बाद.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड]

पेशीच्या कडेला हे जांभळट ठिपके. जंतू असतील, किंवा नीट न गाळलेल्या रंगाचा साकाही असेल. सरावलेली नजरही इथे फसते. त्यात ट्यूबमध्ये पडून राहिलेल्या रक्तात जंतू पेशींवरून सुटतात. स्लाइड ओढायची ती रक्त काढल्याबरोबर, तिथल्या तिथे. एवढं करूनही ती कोरी निघू शकते, कारण रक्तातली जंतूंची संख्या सारखी चढते-उतरते.

म्हणून पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी. खुणेसाठी १६एस जनुक सोयीचा, पण तो सगळ्याच जीवाणूंत असतो. प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे, या जंतूपुरत्या वेगळ्या तुकड्यावरच बसवावे लागतात. सगळ्या जीवाणूंना लागू पडणारे सरसकट प्रायमर वापरले, तर नुसतं पाणी घातलेली ट्यूबही पॉझिटिव्ह येऊ शकते! पीसीआरमध्ये प्रती काढणारं एन्झाइम बहुधा ई. कोलाय या जीवाणूत तयार करतात, आणि त्या ई. कोलायचा डीएनए थोडाफार सोबत येतो.

[दृश्य: दोन ट्यूब, जांभळं आणि हिरवं टोपण]

हिरव्या टोपणाची नको. तिच्यातलं रक्त गोठू न देणारं हेपरिन पीसीआर अडवतं. जांभळीत त्याच कामासाठी ईडीटीए असतं, तीच घ्यायची, पण खुणेपर्यंत भरून. रक्त कमी पडलं तर जास्तीचं ईडीटीए एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम बांधून टाकतं. हिमोग्लोबिनही अडथळा आणतं, त्यामुळे डीएनए काढताना धुण्यात घाई नको. यातलं काही बिघडलं तर कळावं म्हणून प्रत्येक ट्यूबमध्ये मांजराचाच एक जनुक सोबत तपासतात. तोही उमटला नाही, तर निकाल निगेटिव्ह धरायचा नाही. नमुना बाद.

[दृश्य: पडद्यावर चढणारे वक्र]

चाचणी किती कमी डीएनए पकडते, तेही तपासायचं. माहीत मात्रेचा डीएनए दसपटीनं पातळ करत जायचं. दर पायरीला प्रतींची वाढ दाखवणारा वक्र साधारण ३.३ चक्रं (प्रती दुप्पट करणाऱ्या फेऱ्या) उशिरा उठायला हवा. मग सर्वांत कमी मात्रेच्या २० ट्यूब लावायच्या. १९ उमटल्या, तर ती चाचणीची खालची मर्यादा.

खरी फजिती पुढे होते. १,००० मांजरं घ्या, त्यांतली २० बाधित. चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक. बाधितांतली १९ सापडतील, पण निरोगी ९८० पैकी ४९ उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण ६८ पॉझिटिव्ह, खरी १९. सरसकट सगळ्या मांजरांची चाचणी करण्यात म्हणूनच अर्थ नाही. फिकट हिरड्यांच्या मांजरात तोच निकाल कितीतरी वजनदार ठरतो.

आणि रक्त काढायचं ते डॉक्सीसायक्लीन या प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी. डोस सुरू झाला की रक्तातले जंतू घटतात, आणि कोऱ्या निकालावरून काहीच ठरवता येत नाही.