बाजूची दोन चाकं

[ग्राइंडरच्या ठिणग्या. आवाज चार-पाच सेकंद तसाच राहू द्या.]

हा पाइप गेटचा नाही, खिडकीच्या ग्रिलचाही नाही. एका स्कूटरला दोन चाकं वाढवायची चालली आहेत.

सोलापूर. अक्कलकोट रोड, एमआयडीसीच्या मागची गल्ली. तो खडखडाट शेजारच्या टॉवेलच्या मागांचा. अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये मामा. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते.

स्टुलावर बसलेले अण्णा टॉवेलच्या कारखान्यात घडीच्या कामाला आहेत. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला. आजवर रोजचं येणं-जाणं शेअर रिक्षानं. ही स्कूटर त्यांची, सेकंडहँड.

[जवळून: सायलेन्सर खोलणं, मागचं चाक.]

आता हे काम नीट बघा. लहान मुलांच्या सायकलला लावतात तशी दोन चाकं ठोकली की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं केलं तर गाडी पहिल्याच खड्ड्यात अडकेल. बाजूची चाकं खड्ड्याच्या दोन काठांवर टेकणार, मधलं राहणार अधांतरी, आणि इंजिनची ताकद तर मधल्यालाच. रेस द्या, चाक हवेत गरागरा फिरेल, गाडी जागची हलणार नाही. सोलापुरात खड्डा शोधायला लांब जावं लागत नाही, म्हणून मामा बाजूच्या दोन्ही चाकांना वेगळा दांडा देतात आणि प्रत्येक दांड्याला स्वतःचा शॉकअप. एक चाक उंचवट्यावर चढलं तरी बाकीची दोन जमीन सोडत नाहीत.

[जवळून: ताणलेलं सूत.]

हे सूत पुढच्या चाकापासून मागं ताणलंय. त्याच्याशी दोन्ही चाकं समांतर बसवायची. एखादं जरा तिरकं बसलं, तर टायर एका कडेनं झिजून जातो. टेप खिशात आहे, पण मामा तो काढत नाहीत.

"टेपपेक्षा सूत खरं बोलतंय की ओ."

[जुने फोटो: काचेच्या घुमटाची तीनचाकी.]

ही जर्मनीतली गाडी. दुसरं महायुद्ध संपल्यावर फ्रिट्झ फेंड नावाचे इंजिनिअर युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी छोटी गाडी बनवत होते. सुरुवातीला ती हातापायांच्या जोरावरच चालायची, इंजिन मागाहून आलं. गंमत म्हणजे धडधाकट माणसंच ती मागायला लागली. तिकडे मेसरश्मिट या विमान कंपनीला विमानं बनवायला बंदी होती, कारखाना रिकामा. फेंडची कल्पना आणि त्यांचा कारखाना जुळला. १९५३ मध्ये केआर १७५ आली, १९५५ मध्ये केआर २००. दोन माणसं एकामागे एक, वर पारदर्शक घुमट, हातात स्कूटरसारखा हँडल. इंजिन १९१ सीसीचं, टू-स्ट्रोक.

आणि रिव्हर्स? वेगळा गिअर नव्हताच. इंजिन बंद करायचं, चावी आणखी आत दाबायची आणि पुन्हा चालू करायचं. इंजिन उलटं फिरायला लागायचं. म्हणजे पुढं जायला चार गिअर, तर मागं यायलाही चार. मागं येताना चौथा कुणी टाकला असेल का, देव जाणे.

[फोटो: फिकट निळी तीनचाकी, इंग्लंड.]

इंग्लंडमध्ये बर्ट ग्रीव्हज यांनी नात्यातल्या एका अपंग भावासाठी मोटार लावलेली गाडी बनवली. पुढे त्यातून इनव्हाकार निघाली. फायबरग्लासची, तीन चाकांची, अपंगांना सरकारकडून मिळायची. सीट मात्र एकच. शेजारी बायकोला बसवायची सोय नाही, पोराला नाही. २००३ मध्ये त्या रस्त्यावरून काढून घेतल्या.

[रस्ता. टॉवेलचे गठ्ठे भरलेला टेम्पो जातो.]

टेम्पो हा आपला रोजचा शब्द हॅम्बुर्गच्या कंपनीचा. तिच्या सहकार्यानं १९५८ पासून आपल्याकडे बजाज टेम्पोची तीनचाकी आली. इंजिन पुढच्या चाकाशीच, त्यामुळे मागं सगळी जागा मालाला. चार चाकं नाहीत म्हणून तेव्हा तिला कुणी विचित्र म्हटलं नाही. जगातली पहिली मोटार म्हणून जिचं नाव घेतात ती १८८६ ची कार्ल बेंझची गाडीही तीनच चाकांची होती. पुढची दोन चाकं एकदम वळवायची तर कशी, याचं समाधानकारक उत्तर बेंझना अजून सापडायचं होतं.

[शेड. संध्याकाळ. अण्णा पहिल्यांदा गाडीवर.]

गाडी सुरू करण्याआधी मामा एक तासभर शिकवतात. दोन चाकांची स्कूटर वळताना झुकते. ही झुकत नाही. वेगात वळलात की माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. म्हणून मोकळ्या जागेत आठचा आकडा काढायचा, पुन्हा पुन्हा, हळू.

"हळू ओ अण्णा! विमान नाही ते."

अण्णांचा हात अजून ब्रेकवरून निघत नाही.

आरटीओची नोंद अजून व्हायची आहे. दिव्यांगांच्या गाडीला असे बदल कायद्यात बसतात, पण कागद हवेत.

[जवळून: कुबडी.]

हा पाइपचा तुकडा ऐनवेळी जोडलाय. कुबडी ठेवायला. तळाशी जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून चिकटवलाय, रस्त्यानं खडखड नको म्हणून. अण्णांनी मागितला नव्हता.

[गाडी गल्लीतून बाहेर वळते. मागच्या सीटवर मुलगी. इथून पुढे निवेदन नाही, फक्त मागांचा आवाज.]