पोट्ट्याले जरा वेळ द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या वऱ्हाडात कबड्डी गल्लोगल्ली चालते, हॉकीची स्टिक हातात धरणारी गावं मात्र मोजकीच. त्यामुळं अशा गावातला एखादा पोरगा राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचला, की अख्खं गाव त्याच्यावर हक्क सांगू लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या अशाच एका पोराबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव सांगत नाही. वय 19, फॉरवर्डला खेळणारा. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली, तिला आता दहा महिने होतील. पोरगा पुन्हा मैदानात उतरलाय आणि पारावर वाद पेटलाय.

"पोट्ट्यात दमच नाही राह्यला." "मेहनत करत नाही, नुसता उभा राह्यते." आणि बापाला सल्ला, "वावरात लावा आता त्याले, पुरे झाली हॉकी."

मी त्याचा सामना पाहिला. मुरमाड मैदान, भर दुपार. चेंडू आला की तो अडवायचा आणि लगेच पास द्यायचा. डावीकडं वळायची वेळ आली, की पाय आखडता घ्यायचा. बाहेरून पोरं ओरडत होती, "अबे धाव ना बे!" ओरडणाऱ्यांना आळस दिसत होता. मला भीती दिसली, आणि त्या भीतीला कारण आहे.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारं जे लिगामेंट असतं, ते शिवून सहसा जुळत नाही. शरीरातलाच दुसरा स्नायूबंध काढून तिथं बसवतात. त्याला मुरायला महिनोन्‌महिने लागतात. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं, आणि तिथंच माणूस फसतो. सरळ रेषेत धावणं चार-पाच महिन्यांत जमू लागतं. पण हॉकीत कमरेत वाकून, स्टिक जमिनीला लावून, एका पायावर गर्रकन वळावं लागतं. नऊ महिन्यांच्या आत अशा खेळात परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो, आणि कोवळ्या वयात तर आणखीच. नऊ महिने झाले म्हणजे गुडघा तयार झाला, असंही नाही. दुखऱ्या पायावर लंगडी उडी मारून ती चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के भरते का, हे तपासतात.

मेहनतीचं म्हणाल, तर ती मैदानावर दिसतच नाही. हा पोरगा पहाटे ओट्यावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो आणि ती दाबत राहतो. मग भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक, मांड्या थरथरेपर्यंत. दर रविवारी शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजतो, वहीत लिहितो. शस्त्रक्रियेनंतर मांडी वाळते, ती भरून काढणं हेच खरं काम. ती वही मी पाहिली आहे. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा पाहावी.

खांदेसूज आलेल्या बैलाला आपण लगेच जू देत नाही. मग पोराच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

भारताचा हॉकीपटू संदीप सिंग याचा दाखला या वादात हटकून निघतो. 2006 साली रेल्वेत चुकून सुटलेली गोळी त्याला लागली, आणि 2009 मध्ये त्याच्याच कप्तानीत भारतानं अझलन शहा करंडक जिंकला. गोलरक्षक श्रीजेशचा गुडघा 2017 मध्ये गेला, पुढं टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्यानं संघाबरोबर कांस्यपदक मिळवलं. हे सगळं खरं आहे. पण ते भारतीय संघाचे खेळाडू, त्यांच्यामागं डॉक्टर होते, फिजिओ होते. आपल्या पोराला फिजिओकडं जायचं तर एसटीनं जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांची नावं घेऊन याला टोचणं मला पटत नाही.

बापाची काळजीही मला कळते. घरात कपाशीचा पैसा बेभरवशाचा, आणि त्याचा जीव पोलीस भरतीत अडकलाय. भरतीची 1600 मीटरची धाव सरळ असते. तिची तयारी डॉक्टरला विचारून, हॉकीच्या आधीही सुरू करता येईल. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. हातातली प्रमाणपत्रं त्यासाठी चालतात का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन आत्ताच विचारून घ्यावं. बारावी झाली आहेच, पदवी सोडू नये. पदवी असली तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करून क्रीडाशिक्षक होता येतं, पुढं पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमाही आहे.

माझं म्हणणं एवढंच, की हॉकी सोडायची की नाही, याचा निकाल या हंगामात लावू नका. शस्त्रक्रियेपासून निदान दीड वर्ष जाऊ द्या. तोवर स्पर्धा भरवणाऱ्यांनी त्याला पूर्ण 60 मिनिटं खेळवू नये. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, तेव्हा पंधरा मिनिटांचे एक-दोन क्वार्टर द्यावेत, आणि तेही बचावफळीत. सामन्याआधी मैदानावरचे दगड वेचून घ्यावेत. आणि गुडघा सुजला असं तो म्हणाला, तर त्याच मिनिटाला बाहेर घ्यावं, मग सामना हातचा गेला तरी चालेल.

नमस्कार.