मी गेलो की मी गेले? क्रियापद आपल्याला काय काय विचारतं

सुरुवातीला माझी एक फजिती सांगते. बघा, 'सांगते' म्हणाले आणि झालं. तुम्ही मला समोर बघताय म्हणून तुम्हाला काही वाटलं नाही, पण हेच उद्या कुठे छापलं तर वाचणाऱ्याला माझं नाव न बघताच पहिल्या वाक्यात कळणार की बाई बोलतेय. मी तर ही माहिती द्यायची असं काही ठरवलं नव्हतं, क्रियापदाने परस्पर देऊन टाकली.

तर फजिती अशी, की काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक इंग्रजी कथा भाषांतराला आली. 'मी' सांगतोय अशा पद्धतीने लिहिलेली, आणि त्यातली मेख ही की हा 'मी' पुरुष आहे की बाई हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. इंग्रजीत हे लिहिणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत, 'आय वेंट', 'आय सॉ', 'आय वॉज', लिहीत सुटायचं. मी हौसेने काम घेतलं, पहिलं वाक्य होतं 'मी उशिरा पोचलो' या अर्थाचं, आणि मी तिथेच अडकले. पोचलो लिहू की पोचले? काहीही लिहिलं तरी कथा पहिल्याच ओळीत फुटली. दोन दिवस नुसती त्या एका वाक्याकडे बघत बसले होते.

आजचा विषय जगातल्या भाषांमधली क्रियापदं असा फार मोठा आहे, पण मला त्यातलं एकच सांगायचंय. क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द, हे आपण शाळेत घोकलेलं आहे आणि ते चूक पण नाहीये, पण मला ते एखाद्या फॉर्मसारखं वाटतं. प्रत्येक भाषेचा फॉर्म वेगळा, त्यात काही रकाने भरावेच लागतात, नाहीतर वाक्य पुढे सरकतच नाही. रोमान याकोबसन नावाचे मोठे भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1959 साली अशा अर्थाचं म्हटलं होतं की भाषांमधला खरा फरक त्या काय सांगू शकतात याच्यात नसतो, त्यांना काय सांगावंच लागतं याच्यात असतो. सांगता तर सगळ्यांना सगळंच येतं हो. इंग्रजीत पण 'मी, म्हणजे एक बाई, गेले' असं म्हणता येतंच की, पण कोणी विचारत नाही. मराठी विचारते.

आणि मराठी कशी विचारते ते बघण्यासारखं आहे, कारण ती सगळीकडे सारखं विचारत नाही. 'मी जातो, मी जाते', इथे विचारलं. 'मी जाईन', इथे नाही विचारलं. 'मी गेलो, मी गेले', विचारलं. आता 'मी चिठ्ठी वाचली'. काय कळलं माझ्याबद्दल? काहीच नाही! वाचली मधली 'ली' चिठ्ठीची आहे, माझी नाही. 'मी पुस्तक वाचलं', 'मी पेपर वाचला', क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, ते आपलं कर्माच्या मागे. आणि 'मी तिला पाहिलं' म्हटलं की ते माझ्यामागेही जात नाही आणि तिच्यामागेही नाही, नपुंसकलिंगी एकवचन होऊन मधेच उभं राहतं. कर्तरी, कर्मणी, भावे, शाळेत पाठ करून विसरलेले तीन प्रयोग, हेच ते. हे जेव्हा माझ्या डोक्यात पेटलं ना, तेव्हा ती कथा सुटायला लागली. मी दार उघडलं, मी दिवा लावला, मी तिला हाक मारली. पानभर लिहा, गुपित जागेवर.

हे असं का झालं त्याचा इतिहास पण मजेचा आहे. संस्कृतात भूतकाळाची स्वतंत्र रूपं होती, तीन तीन होती, पण पुढे बोलण्यात लोकांनी ती टाकून दिली आणि 'मया पत्रं लिखितम्' छापाची वाक्यं उचलली, म्हणजे 'माझ्याकडून पत्र लिहिलं गेलं'. 'लिखितम्' हे एक प्रकारचं विशेषण, ते पत्राला चिकटलेलं, मग लिंगवचन पत्राचंच घेणार ना. तेच मराठीत 'मी पत्र लिहिलं' झालं. 'रामाने पत्र लिहिलं' मधला 'ने' त्या जुन्या 'कडून'ची खूण म्हणायला हरकत नाही, आणि 'मी'ला हा 'ने' का लागत नाही तर आपला 'मी' मुळात त्या 'मया'मधूनच आला असं अभ्यासक मानतात.

पण मराठीने इथे एक कुरापत केलीये जी मला फार आवडते. 'तू चिठ्ठी वाचलीस.' यातली 'ली' चिठ्ठीची, आणि शेवटचा 'स' तुझा! एकाच क्रियापदावर दोघांची सही. 'तुम्ही चिठ्ठ्या वाचल्यात', तिथे 'ल्या' चिठ्ठ्यांचं आणि 'त' तुमचं. आपण दिवसातून पन्नास वेळा हे बोलतो आणि ढिम्म लक्ष जात नाही.

आणि हो, नियमाला फितूर झालेली क्रियापदं आहेतच. 'मी चिठ्ठी विसरले', 'मी नवीन भाषा शिकले', कर्म समोर आहे तरी क्रियापद माझ्यामागे. 'बोलणे' तसंच. 'म्हणणे' तर दोन्हीकडचं आहे, 'मी म्हणाले' म्हटलं की गुपित फुटलं, 'मी म्हटलं' म्हटलं की वाचलं. त्या कथेत मी एकूण एक 'म्हणाले' काढून 'म्हटलं' आणि 'विचारलं' केलंय.

हीच कथा रशियनमध्ये न्यायची असती तर माझी डाळ शिजली नसती. रशियनमध्ये भूतकाळाचं रूप मुळात असंच विशेषणासारखं होतं, त्यामुळे तिथे पण पुरुषाने लिहिलं तर 'पिसाल', बाईने लिहिलं तर 'पिसाला'. (तिथेही 'ल' आणि इथेही 'ल' आहे हे बघून लगेच नातं जोडायला जाऊ नका, तो विषय वेगळा आहे.) फरक असा की त्यांचं क्रियापद कर्त्यालाच धरून असतं, पत्र लिहा नाहीतर कादंबरी लिहा, पळवाट नाही. वर त्यांचा आणखी एक रकाना आहे, काम चाललं होतं की पूर्ण झालं. 'चिताल' म्हणजे वाचत होता किंवा कधीतरी वाचलं, 'प्रचिताल' म्हणजे वाचून संपवलं, आणि भूतकाळात काहीही बोलायचं तर आधी या दोनपैकी एक निवडा. आपण ते 'वाचून टाकलं', 'वाचून काढलं', 'वाचून झालं' असं सांगतो, आणि खरं सांगू, आपलं जास्त चविष्ट आहे, कारण 'टाकलं' मध्ये सुटलो बाबा एकदाचा हे येतं आणि 'काढलं' मध्ये केवढं मोठं होतं ते येतं. पण आपल्याला ते ऐच्छिक, त्यांना सक्तीचं.

उलट टोकाला चिनी. मँडरिनमध्ये क्रियापद जागचं हलत नाही, मी तू तो, काल आज उद्या, एकच रूप. म्हणून काही लोक म्हणतात चिनीला व्याकरणच नाही, तर तसं काही नसतं. काळाचा रकाना नाहीये एवढंच, पण क्रियापदामागे 'ल' लावला की काम झालं, आणि 'ग्वो' लावला की आयुष्यात कधीतरी हा अनुभव घेऊन झालाय, म्हणजे आपलं 'जाऊन आलाय'. वेळ कुठली ते 'काल', 'उद्या' सांगतात. आणि काळाचा रकाना असणाऱ्या भाषांनी पण फार मिजास करू नये, आपण जागेवरून उठलेलो नसतो आणि फोनवर सांगतो 'आलोच!', भूतकाळात! रशियन माणूस पण निघता निघता 'या पाशोल' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'मी गेलो', आणि अजून दारात उभा असतो. दुसरीकडे पेरूमध्ये यागुआ भाषा आहे, तिच्यात भूतकाळाच्या पाच पायऱ्या आहेत, आजचंच, कालचं, काही आठवड्यांपूर्वीचं, असं करत थेट दंतकथांच्या काळापर्यंत.

आता माझा सगळ्यात लाडका रकाना. तुर्कीमध्ये 'गेल्दी' म्हणजे आला, आणि 'गेल्मिश' म्हणजे पण आला. पहिलं तेव्हा म्हणायचं जेव्हा तुम्ही बघितलंय किंवा तुम्हाला पक्कं माहितीये, दुसरं तेव्हा जेव्हा तुम्ही ऐकलंय किंवा दारातल्या चपला बघून ताडलंय. आपण 'आला म्हणे' म्हणतो तेच, पण आपलं 'म्हणे' लावलं तर लावलं, तिथे भूतकाळात बोलताना दोन्हीतलं एक धरावंच लागतं. अॅमेझॉनच्या जंगलात, कोलंबिया-ब्राझीलच्या हद्दीवर, तुयुका बोलणारे लोक आहेत, त्यांच्याकडे असे पाच प्रकार. तो फुटबॉल खेळला हे सांगायचं तर खेळताना पाहिला, नुसता आवाज ऐकला, मैदानात बुटांचे ठसे दिसले, कोणी सांगितलं, का एरवी खेळतोच म्हणून धरून चाललो, यातलं काय ते क्रियापदातच सांगायचं. आपल्याकडचे फॉरवर्ड मेसेज जर तुयुकात लिहावे लागले तर निम्मे लोक पहिल्या वाक्याला अडकतील.

हे फार लांबचं वाटतंय ना? पाणिनीचं सूत्र आहे, 'परोक्षे लिट्', तिसरा अध्याय, दुसरा पाद, 115वं सूत्र. मी म्हटलं ना संस्कृतात तीन भूतकाळ होते, त्यातला हा लिट्, 'बभूव', 'जगाम' वाला, तो कधी वापरायचा तर जे बोलणाऱ्याच्या डोळ्याआड घडलं त्याच्यासाठी. झाली की नाही तुर्की! मग जुन्या वैयाकरणांना प्रश्न पडला की याची प्रथमपुरुषी रूपं कशाला, 'मी' केलेली गोष्ट माझ्याच डोळ्याआड कशी असेल? त्यावर त्यांनी दिलेलं उदाहरण मला अजून हसवतं, 'सुप्तोऽहं किल विललाप', मी झोपेत होतो आणि म्हणे बडबडलो. दुसरं उदाहरण दारू प्यालेल्याचं आहे. आणि गंमत म्हणजे तुर्की माणसाला बसल्या बसल्या डुलकी लागली आणि दचकून जागा झाला की तो पण 'मला झोप लागली' हे 'मिश'वाल्या रूपातच सांगतो, कारण झोप लागताना तो साक्षीला नव्हता. त्या वैयाकरणांचा तुर्कीशी काडीचा संबंध नाही, पण अडचण तीच आणि उत्तरही तेच.

काही भाषांमध्ये तर ज्याच्याशी बोलताय त्याचाही रकाना असतो. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर बास्क भाषा बोलतात, तिच्यात 'मी आहे' म्हणजे 'नाइस', पण अगदी जवळच्या पुरुषाशी बोलत असाल तर 'नाउक' आणि जवळच्या बाईशी बोलत असाल तर 'नाउन'. वाक्यात तो किंवा ती नाहीयेच हां, वाक्य माझ्याबद्दल आहे! आपण हेच 'आहे रे', 'आहे गं' करून बाहेरून चिकटवतो, त्यांनी आत शिवून टाकलंय. स्वाहिलीत 'नितकुओना' हा एकच शब्द, 'नि' मी, 'त' भविष्य, 'कु' तुला, 'ओना' बघणे, मी तुला बघेन, वाक्य संपलं.

आणि नकार. फिनिश शिकणारे रडतात की तिथे 'नाही' चालवावं लागतं, 'एन पुहू' मी बोलत नाही, 'एत पुहू' तू बोलत नाहीस, 'एम्मे पुहू' आम्ही बोलत नाही, 'पुहू' तसंच आणि नकार बदलतोय. त्यांना म्हणावं मराठी शिका. मी बोलत नाही, तू बोलत नाहीस, ते बोलत नाहीत, 'बोलत' तिथेच बसलंय आणि 'नाही' राबतंय. शिवाय नको, नकोस, नका, नये, नव्हता, नसेल, अख्खं खानदान आहे.

कोणीतरी विचारणारच म्हणून सांगते, की याच्याने विचार बदलतात का. जपून. 1930च्या दशकात बेंजामिन व्होर्फ या अमेरिकन भाषा-अभ्यासकाने लिहिलं की अमेरिकेतल्या होपी भाषेत काळ दाखवणारी रूपंच नाहीत, आणि त्यावरून होपी लोकांना आपल्यासारखी काळाची कल्पनाच नाही अशी हवा झाली. मग एकेहार्ट मालोत्की या भाषाशास्त्रज्ञांनी त्या लोकांमध्ये राहून अभ्यास केला आणि 1983 साली होपीतल्या काळाच्या उल्लेखांवर 600हून जास्त पानांचा ग्रंथ काढला. रकाना नाही म्हणजे कल्पना नाही असं नसतं, एवढं त्यातून घ्या.

त्या कथेचं काय झालं असं मगाशी पुढून कोणीतरी विचारलं. झाली पूर्ण. 'मी घाबरले'चं 'मला भीती वाटली' केलं, 'मी एकटी होते'चं 'माझ्यासोबत कोणी नव्हतं' झालं, आणि ते पहिलं वाक्य, 'मी उशिरा पोचलो', ते शेवटी 'मी घर गाठलं तेव्हा उशीर झाला होता' असं केलं, कारण 'गाठणे' सकर्मक आहे, बिचारं घराच्या मागे गेलं. एका ठिकाणी मात्र आठवडा गेला. तिथे तो 'मी' पोलिसाच्या तोंडावर मुद्दाम हसतो. 'मी हसलो' चालणार नाही, 'मी हसले' चालणार नाही, आणि 'मला हसू आलं' म्हणावं तर मुद्दामपणा जातो, हसू येणं आपल्या हातात नसतं ना. शेवटी लिहिलं, 'मी हसून दाखवलं'. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं, मी ते खोडून वाक्य तसंच ठेवलं.