मान खाली घातलेल्या तिघी

(काळा घोडा, सकाळ. जहांगीर कलादालनाच्या पायऱ्या.)

१९३७ साली याच शहरात, बॉम्बे आर्ट सोसायटीने एका चित्राला सुवर्णपदक दिलं. चित्राचं नाव 'तीन मुली'. अमृता शेरगिलने ते १९३५ साली रंगवलं, पॅरिसमधलं शिक्षण आटोपून भारतात परतल्यावर लगेचच. तेव्हा तिने पंचविशीही गाठली नव्हती.

(चित्र पूर्ण पडद्यावर. थोडा वेळ नुसती शांतता.)

रंग उजळ आहेत. लाल आहे, हिरवा आहे. दुःखाचं चित्र म्हटलं की आपण काळोख शोधतो, डोळ्यांतलं पाणी शोधतो. इथे पाणी नाही. मागे खिडकी नाही, भिंतीवर तसबीर नाही, कुणाच्या हातात काही काम नाही. तिघी अगदी लागून बसल्यात, तरी एकीची नजर दुसरीकडे जात नाही. आपल्याकडेही नाही. पापण्या खाली, आणि त्या पापण्यांमागे प्रत्येकीचं काहीतरी वेगळं चाललेलं. मला तर वाटतं, हे रंग फिके असते तर चित्र इतकं लागलं नसतं.

अजिंठा-वेरूळची लेणी अमृताने पाहिली ती यानंतर. गरिबांच्या मूक, सोशिक चेहऱ्यांना चित्रात आणायचं, असं तिने लिहून ठेवलंय. या तिघी मात्र तिच्याच नात्यातल्या होत्या, खात्यापित्या घरच्या. सोशिकपणा तिथेही होताच.

(गिरगाव. चाळीतली खोली.)

मूळ चित्र दिल्लीत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. माझ्याकडे त्याची छापील प्रत आहे. ती मी भिंतीवर लावली, त्या दिवशी आजी चहाचा कप हातात धरून बराच वेळ समोर उभी राहिली. कोणी काढलंय, कधी काढलंय, काही विचारलं नाही.

"यांना बघायला आलेत का गं?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "तसं काही लिहिलेलं नाही, आजी."

"लिहायला कशाला हवं?" तिने कप खाली ठेवला. "हात बघ की त्यांचे. पाहुणे जाईपर्यंत आम्हीही अस्सेच ठेवायचो."

(तिघींचे हात, जवळून. मग आजीचे, मांडीवर.)