सूचक कोण, अनुमोदक कोण?

(महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी मंडळाच्या जून महिन्यातल्या मेळाव्यात राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीनिमित्त केलेलं भाषण. वाचनासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘शाहू महाराज आणि लोकशाही’. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तीस वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्याच शिरोळ तालुक्यात. ग्रामसभेचा धडा आला की आम्ही वर्गातच ग्रामसभा भरवायचो. एक पोरगं सरपंच, एक ग्रामसेवक, बाकी सगळा वर्ग म्हणजे गाव. ठराव मांडायचा, त्याचा सूचक, म्हणजे तो मांडणारा, कोण आणि अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा, कोण, ते वहीत लिहायचं. एका वर्षी मुलींनी पाण्याच्या टाकीचा ठराव केला, तेव्हा वहीतलं ते पान मी खरोखरच ग्रामपंचायतीत नेऊन दिलं. टाकी आली. दीड वर्ष लागलं, पण आली.

आज मात्र सुरुवात वर्गातून करत नाही, घरातून करते.

२०१८ साली आमचे हे गेले. वय ५९. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दुपारी सगळं संपलं. त्यांना न्यायची वेळ झाली, तशा बायका माझ्याभोवती बसल्या. कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, बांगड्या फोडल्या. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या स्वतः तिशीत विधवा झालेल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. जबरदस्ती कुणी केली नाही. त्या बायका माझ्याच होत्या, त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं. मी हात पुढे केले. मूलभूत हक्क फळ्यावर लिहून देणारी मी, कायद्यापुढे सगळे समान असं पोरांकडून पाठ करून घेणारी मी, मीच हात पुढे केले. ही गोष्ट मी आजवर कुठल्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

आता महाराजांकडे येते.

कोल्हापुरात शाहू महाराजांवर बोलणारा माणूस बहुधा गंगाराम कांबळेंच्या चहापासून सुरुवात करतो. अस्पृश्य म्हणून ज्यांना मारहाण झाली, त्या गंगारामांना महाराजांनी हॉटेल काढायला लावलं आणि भर रस्त्यावर गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला. गोष्ट मोठीच आहे, आणि ती तुम्ही ऐकलेली असणार. मला मात्र महाराज जास्त दिसतात ते त्यांच्या हुकुमांत.

२६ जुलै १९०२ चा हुकूम घ्या. सातवा एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज त्या वेळी विलायतेत होते. करवीर सरकारच्या गॅझेटात जाहीर झालं की यापुढे संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्यायच्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच हुकुमात आणखी एक अट आहे, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हुकूम निघाल्यानंतर ज्या नेमणुका होतील त्यांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सादर करायचं. मला हे फार मोलाचं वाटतं. गरिबांचा कळवळा अनेक राजांना आला असेल. तो अंमलात येतोय की नाही, हे दर तीन महिन्यांनी तपासणारा राजा निराळा.

१९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हाही तसंच. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया. शिक्षिका म्हणून सांगते, पटावर नाव असणं वेगळं आणि पोरगं वर्गात येऊन बसणं वेगळं. ऊसतोडीच्या हंगामात रिकामे बाक मी वर्षानुवर्षं पाहिलेत. महाराजांना हा फरक शंभर वर्षांपूर्वी कळला होता. मग खेड्यातनं आलेलं पोर शहरात राहणार कुठं, म्हणून १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं सुरू झाली. आम्ही त्यांना अजून बोर्डिंगच म्हणतो. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ पासून अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. माझे वडील अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले. ते शिकले म्हणून मी शिकले, आणि माझी लेक आज इथं तुमच्यात आहे.

एक प्रसंग मात्र महाराजांच्या घरातला आहे, आणि आज मला तोच सांगायचा आहे. जून १९१८ मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीत अपघातानं गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. लग्नाला वर्षच झालं होतं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्या वर्षी याच राजानं आपल्या संस्थानात केला होता. आता विधवा स्वतःच्या घरात होती, आणि राजघराण्यातल्या विधवेनं कसं राहायचं याच्या रूढी गावातल्यापेक्षा कडक. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून सुनेच्या शिक्षणाची सोय कोल्हापूरजवळच्या सोनतळीला केली, सोबत शिकायला निरनिराळ्या समाजांतल्या मुली दिल्या. मुलाच्या दुःखात बुडालेला बाप हा. पुढच्याच वर्षी, १९१९ साली, स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा कोल्हापूर संस्थानात झाला. घरात चालणाऱ्या छळात सरकारनं पडू नये, असं मानायचा तो काळ. महाराज त्यात पडले.

तरीही एक गोष्ट मनापासून बोलायला हवी. महाराज राजे होते. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. राजाचा हुकूम राजाच्या मर्जीवर असतो, पुढचा राजा तो मोडू शकतो. मला वाटतं, हे महाराजांना स्वतःलाच उमगलेलं होतं. नाहीतर मार्च १९२० मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या माणगावला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला जाऊन, डॉ. आंबेडकरांकडं बोट दाखवून, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं लोकांना ते कशाला सांगते? ६ मे १९२२ ला महाराज गेले, वयाची ४८ वर्षं पुरी व्हायच्या आत. त्यानंतर २७-२८ वर्षांनी त्याच बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेवर आमच्या कोल्हापूरच्या रत्नाप्पाण्णा कुंभारांनीही संविधान सभेचे सभासद म्हणून सही केली. डिसेंबर १९५० मध्ये बिंदू चौकात महात्मा फुल्यांच्या जोडीनं बाबासाहेबांचा पुतळा बसला, बाबासाहेब हयात असताना. तो कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन बसवला. त्या पुतळ्याखालून एसटी धरायला धावणारी मी पोरगी. वर मान करून पाहायचं सुचलं ते बऱ्याच उशिरा.

राजा गेला, घटना आली. मग कनवाळूपणानं राज्य करायचं काम कुणाकडं आलं?

२०१९ चा महापूर तुम्ही इथून फोनवर पाहिला असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा आणि पंचगंगेच्या कुशीतली गावं. आमची शाळा पाण्यात, म्हणून आम्हा शिक्षकांना वरच्या बाजूच्या एका छावणीवर नेमलं. मी नोंदवही लिहायचे. नाव, गाव, माणसं किती, जनावरं किती. एक तरुण बाई आली, दोन पोरं बरोबर. घर कुणाच्या नावावर, असं विचारलं तर गप्प. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, घर अजून सासऱ्यांच्या नावावर, सासरेही गेलेले. घराचा कागदच नाही तर मदत कुणाच्या नावानं येणार, ही तिला धास्ती. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला आलेला तलाठी वयानं माझ्या लेकीएवढा. तो पडक्या भिंतीपाशी उकिडवा बसला, शेजारच्या चौघांना बोलावून ‘इथं कोण राहतं?’ विचारलं, त्यांच्या सह्या घेतल्या आणि पंचनाम्यात राहणार म्हणून त्या बाईचं नाव घातलं. भाषण नाही, फोटो नाही. पुढच्या घराकडं गेला. हे मी पाहिलंय, म्हणून सांगते.

आता हेरवाड. शिरोळ तालुक्यातलंच गाव. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की आपल्या गावात विधवेचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. कोरोनात किती तरण्या बायकांवर ही वेळ आली होती, ते गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. हा ठराव मांडणारीही बाई आणि त्याला अनुमोदन देणारीही बाई. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. बाबासाहेबांची परिषद झाली त्या माणगावनंही असाच ठराव केला.

ग्रामसभा म्हणजे काय, हे इथं वाढलेल्या मुलांसाठी थोडक्यात सांगते. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. वर्षाला निदान चार सभा घ्याव्या लागतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी, तेवढी माणसं हजर पाहिजेत. आणि तिच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. किती तरी गावांत ही सभा नुसती कागदावरच होते. सह्या घरोघरी फिरून गोळा होतात, हे मी पाहिलंय आणि त्याचा मला राग येतो. म्हणून हेरवाडच्या बायकांचं मला एवढं अप्रूप. त्यांच्यासाठी कुणी हुकूम काढला नाही. त्यांनीच काढला.

ठरावानं एका रात्रीत काही बदलत नाही, हेही खरं. तो मोडला तर शिक्षा नाही. आजही माणूस गेलेल्या घरात पहिला हात बांगड्यांकडं जातो. पण आता तिथं बसलेली एखादी बाई ‘गावानं ठराव केलाय’ एवढं म्हणू शकते. २०१८ साली माझ्या घरात हे वाक्य म्हणायला कुणापाशीच नव्हतं. आत्याबाईंनी मान खाली घातली, कारण त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं.

६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली. सकाळी १० वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. मी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यासमोर होते. एरवी त्या चौकात रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागतात. रिक्षा थांबल्या, बस थांबल्या, दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. हेरवाडची बातमी दोन दिवसांपूर्वीची, डोक्यात तीच घोळत होती. तिथून चालत महाद्वार रोडला गेले आणि कासाराकडं बसले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माप पाहिलं. दोन-दोन बांगड्या भरल्या, साध्या, काचेच्या. चार वर्षांनी. घरी आले तर आत्याबाईंनी हात हातात घेऊन बांगड्या फिरवून पाहिल्या. ‘रंग चांगलाय,’ म्हणाल्या.

आता तुमच्या मंडळाबद्दल बोलते, आणि पाहुणी म्हणून थोडं भीतभीत बोलते. लेकीच्या स्वयंपाकघरात मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा कागद लावलेला आहे. गणपती आहे, दिवाळी अंक आहे, पोरांची मराठी शाळा आहे. वाचून ऊर भरून आला. जानेवारीत लिहिलंय, ‘संक्रांतीचं हळदीकुंकू, सुवासिनींसाठी’. हे कुणी मुद्दाम लिहिलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलोय म्हणून लिहिलंय. सकाळी चहाच्या वेळी या सभागृहात मला माझ्यासारख्या तिघी भेटल्या. एकीनं सांगितलं, संक्रांतीला ती मुलीला सोडायला येते आणि बाहेर गाडीतच बसून राहते.

दुपारी चार वाजता याच सभागृहात मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, असं निमंत्रणात वाचलं. ‘सुवासिनींसाठी’ खोडून ‘सर्व स्त्रियांसाठी’ लिहायचं, एवढ्या एका ओळीचा ठराव मी काल रात्री लिहून ठेवलाय. कागद लेकीच्या पर्समध्ये आहे. मी सभासद नाही, मला मत नाही. सूचक आणि अनुमोदक तुमच्यातूनच लागतील. चारपर्यंत मी पहिल्या रांगेत बसलेली आहे.