राष्ट्रीय आरोग्य नोंदी: संशोधनाला खुल्या, गैरवापराला बंद

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील लसीमुळे मुलांना स्वमग्नता येते, ही भीती पसरली तेव्हा तिची शहानिशा करण्यासाठी डेन्मार्कच्या संशोधकांना घरोघर फिरावे लागले नाही. त्या देशात 1968 पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळतो आणि आरोग्याच्या नोंदी त्याच क्रमांकाने एकमेकींशी जोडता येतात. 1991 ते 1998 या काळात जन्मलेल्या 5,37,303 मुलांचे लसीकरण आणि निदान असे ताडून पाहिल्यावर, लस घेतलेल्या मुलांना स्वमग्नतेचा धोका अधिक नसल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. विकार विरळ असेल तर काहीशे रुग्णांवरून असे ठाम उत्तर मिळत नाही, म्हणूनच संपूर्ण देशाच्या नोंदींचे मोल मोठे आहे.

तरीही नावे खोडून या नोंदी सर्वांना वाटून टाकाव्यात, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1990च्या दशकात कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक मतदार यादीशी ताडून खुद्द राज्यपालांची नोंद ओळखून दाखवली.

इंग्लंडमध्ये डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याची केअर डॉट डेटा ही योजना 2016 मध्ये गुंडाळावी लागली. नोंदी कोणाला आणि कशासाठी मिळणार, हे लोकांना नीट सांगितलेच गेले नव्हते, आणि त्यांचा रोष आमच्या मते रास्त होता.

त्याच इंग्लंडमध्ये 2020 साली, कोविडच्या साथीत, ओपनसेफली या व्यवस्थेने वेगळी वाट धरली. येथे नोंदी मूळ जागेवरून हलत नाहीत. संशोधक बनावट नमुना नोंदींवर आपली आज्ञावली तयार करतो, ती सुरक्षित संगणकावर चालवली जाते, आणि बाहेर येतात ते केवळ तपासून घेतलेले एकत्रित निष्कर्ष. कोविडमुळे मृत्यूचा धोका कोणाला अधिक, हे सुमारे 1 कोटी 70 लाख प्रौढांच्या नोंदींवरून याच पद्धतीने काही आठवड्यांत कळले. कोणत्या प्रकल्पाने कोणती आज्ञावली केव्हा चालवली, याची नोंदवही सर्वांसाठी उघडी असते. ज्यांच्या आजारांच्या त्या नोंदी आहेत, त्यांनाही ती पाहता येते.